कॅथलिक मंडळी इतर ख्रिस्ती पंथांविषयी कसे बोलतात, आणि ख्रिस्तसभा स्वतः काय म्हणते?

निर्मला_मोहननगर (धागाकर्ती)

माझ्या भाच्याचे लग्न ठरत आहे. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक आहे आणि मुलीकडील मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे आपण ज्यांना सीएनआयवाले म्हणतो त्यांपैकी आहेत. मुलगी, तिचे शिक्षण, तिचे आईवडील यांपैकी कशालाही कोणाची हरकत नाही. तरीही बोलणी सुरू झाल्यापासून आमच्याच माणसांच्या तोंडून जी वाक्ये ऐकू येत आहेत ती अशी: "मुलगी ख्रिस्ती नाही, प्रॉटेस्टंट आहे." "त्यांच्यात पवित्र मारियेला मान नाही." "त्यांची उपासना म्हणजे नुसते भाषण." एका पुतण्याने तर इंटरनेटवर कोणा परदेशी वक्त्याचे ऐकून त्या सर्वांना 'पाखंडी' ठरवून टाकले आहे.

इतर ख्रिस्ती लोकांविषयी ख्रिस्तसभेची (म्हणजे कॅथलिक चर्चची) अधिकृत भूमिका नेमकी काय आहे आणि आपण घरात जे बोलतो ते तिच्याशी कितपत जुळते, हे मला जाणून घ्यायचे आहे. अन्य पंथांतील सदस्यांनीही संकोच न करता लिहावे, ही विनंती.

धर्मशिक्षक_सदर

निर्मलाताई, "ख्रिस्ती नाही, प्रॉटेस्टंट आहे" हे वाक्य कॅथलिक शिकवणीनुसारच चुकीचे आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने ज्याचा बाप्तिस्मा झाला, तो ख्रिस्ती आहे. तो बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये झाला, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. सीएनआयमधील कोणी उद्या कॅथलिक होऊ इच्छित असेल, तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा केला जात नाही. तो श्रद्धेची कबुली देतो, त्याचे दृढीकरण (श्रद्धा दृढ करणारा संस्कार) होते आणि तो ख्रिस्तशरीर (मिस्सा या मुख्य उपासनेतील पवित्र भाकर) स्वीकारतो. मूळ बाप्तिस्म्याविषयी खरोखर शंका असली, तरच सशर्त, म्हणजे 'आधी झाला नसेल तर' अशा अटीवर, बाप्तिस्मा दिला जातो.

भाषेविषयी सर्वांत स्पष्ट निर्देश द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केलेल्या ऐक्यविषयक आदेशात आहे. आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंची स्थिती सत्याला आणि न्यायाला धरून मांडत नाहीत असे शब्द, असे निर्णय आणि अशी कृत्ये टाळण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, असे तो सांगतो. त्याच आदेशात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या आपल्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येतात. फूट पडली तेव्हा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांचा होता, ही पहिली. जे आज त्या समुदायांत जन्मतात आणि ख्रिस्तावरील श्रद्धेत वाढतात त्यांच्यावर फुटीच्या पापाचा आरोप करता येत नाही, ही दुसरी. तुमच्या पुतण्याला ही दुसरी गोष्ट अवश्य दाखवा. ख्रिस्तसभेच्या कायद्यात पाखंड म्हणजे कॅथलिक श्रद्धेतील सत्य जाणूनबुजून आणि हट्टाने नाकारणे. सीएनआयच्या कुटुंबात वाढलेल्या मुलीला तो शब्द लावणे कठोर तर आहेच, पण कायद्याच्या दृष्टीने तो तेथे लागूही होत नाही.

पूर्वी सूर असा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी कॅथलिकांना आंतरपंथीय ऐक्यसभांत भाग घेण्याची मनाई केली होती. ऐक्याचा मार्ग म्हणजे इतरांनी परत येणे, एवढाच त्यांचा अर्थ होता. आपल्या आजीआजोबांनी धर्मशिक्षण घेतले ते त्या वातावरणात. घरात आज जी वाक्ये ऐकू येतात त्यांतील बरीचशी तेथूनच आली आहेत.

सिव्हिल_लाइन्स

मी सीएनआयचा सभासद आहे. वरील उत्तर वाचून बरे वाटले, परंतु त्यात एक गोष्ट वगळली गेली आहे आणि आम्हाला नेमकी तीच बोचते.

या शहरात हा विषय निघाला की मला नेहमी नवल वाटते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती नागपुरातच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. अँग्लिकन चर्च, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरा एकत्र आणणारे युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथोडिस्ट असे सहा प्रवाह तेथे एक झाले. लहान मुलांचा बाप्तिस्मा मानणारे आणि समज आल्यावरच बाप्तिस्मा देणारे अशा दोघांना एका मंडळीत ठेवणे किती कठीण असते, हे ज्याने समितीवर काम केले आहे त्यालाच कळेल. अमेरिकी परंपरेचे मेथोडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. मेकोसाबागेतील आमचे नातेवाईक म्हणूनच आजही वेगळ्या चर्चचे आहेत.

एवढे सगळे झाल्यावर २००० साली रोमहून एक घोषणापत्र आले. ज्या समुदायांनी वैध बिशपपद आणि ख्रिस्तप्रसादाचे (भाकर व द्राक्षारसाच्या संस्काराचे) मूळ व पूर्ण स्वरूप जपलेले नाही, ते योग्य अर्थाने 'चर्च' नव्हेत, असे त्यात म्हटले होते. २००७ मध्ये तेच पुन्हा सांगण्यात आले. माझ्या वडिलांनी ते वृत्तपत्रात वाचले, घडी घालून बाजूला ठेवले आणि त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांशी ते जेवढ्यास तेवढेच बोलले. शेजाऱ्यांना त्या पत्राचा पत्ताही नव्हता, हा भाग वेगळा. आम्हाला बंधू म्हणायचे, पण आमच्या घराला घर म्हणायचे नाही, या भाषेचा अर्थ आम्ही काय घ्यावा?

धर्मशिक्षक_सदर

प्रश्न रास्त आहे. टाळाटाळ न करता उत्तर देतो, मग ते पटो अथवा न पटो.

'चर्च' हा शब्द कॅथलिक धर्मशास्त्र एका विशिष्ट कसोटीवर वापरते. प्रेषितांपासून अखंड चालत आलेले बिशपपद आणि त्या बिशपपदावर आधारलेला ख्रिस्तप्रसाद, ही ती कसोटी होय. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चेस रोमशी एकरूप नाहीत. तरी त्यांचे बिशप, त्यांचे याजक आणि त्यांची मिस्सा वैध मानली जाते, म्हणून त्यांना निःसंकोचपणे चर्च म्हटले जाते. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांवर घातलेले बहिष्कार पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स कुलपती अथेनागोरस यांनी डिसेंबर १९६५ मध्ये स्मृतीतूनच पुसून टाकले. अँग्लिकन याजकपदाबाबत मात्र पोप तेरावे लिओ यांनी १८९६ साली ते 'सर्वस्वी निरर्थक' असल्याचा निर्णय दिला आणि तो अजून मागे घेतलेला नाही. सीएनआयला अँग्लिकन परंपरेतून बिशप मिळाले आहेत, पण रोमच्या दृष्टीने अडचण तेथेच सुरू होते.

कोण अधिक भक्त, कोण अधिक चांगला, कोणावर देवाची कृपा अधिक, याच्याशी या कसोटीचा संबंध नाही. १९६४ च्या आदेशातच म्हटले आहे की ख्रिस्ताचा आत्मा या समुदायांचा तारणाचे साधन म्हणून उपयोग करण्यास मागे राहिलेला नाही. आपल्या वडिलांच्या हाती पडलेल्या बातमीत हे वाक्य बहुधा नसावे.

तरीही माझे वैयक्तिक मत नोंदवतो. २००० सालच्या घोषणापत्रातील सिद्धांत मला मान्य आहे. त्याचा स्वर मला आवडला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ज्या प्रश्नावरून ल्यूथरच्या काळी युरोप दुभंगला त्या, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या सिद्धांतावर कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी ऑग्सबर्ग येथे संयुक्त निवेदनावर सह्या केल्या होत्या. मेथोडिस्ट २००६ मध्ये त्यात सामील झाले. असे दार उघडल्यानंतर लगेच इतक्या कोरड्या भाषेत बोलण्याची आवश्यकता नव्हती.

बल्लारपूरकर

थोडे विषयाला धरून, थोडे तक्रारीच्या सुरात. आम्ही चांदा धर्मप्रांताचे सिरो-मलबार, म्हणजे केरळमधून आलेल्या परंपरेचे, कॅथलिक आहोत. नागपुरातील लॅटिन परंपरेच्या कॅथलिक घरांत मला अनेकदा विचारले गेले आहे, "तुम्ही ऑर्थोडॉक्स का?" आम्ही ऑर्थोडॉक्स नाही, पोपशी पूर्णपणे एकरूप आहोत, केवळ आमचा उपासनाविधी पूर्वेकडील सिरियन परंपरेचा आहे. केरळच्याच मलंकरा परंपरेतील जो गट बिशप मार इव्हानियोस यांच्याबरोबर १९३० साली रोमशी एकरूप झाला, तो सिरो-मलंकरा गटदेखील कॅथलिकच. मलंकरा ऑर्थोडॉक्स, ज्यांची एक सेमिनरी नागपुरातही आहे, ते वेगळे. मार थोमा चर्च आणखी वेगळे. त्यांचा विधी पूर्वेचा दिसला तरी शिकवणीत सुधारणावादी प्रभाव आहे.

केरळी नाव दिसले की सर्वांना एकाच गोणीत भरायचे, ही सवय कॅथलिकांनी प्रथम स्वतःच्या घरात सोडावी. प्रॉटेस्टंटांची पाळी नंतर येईल.

जरीपटका_उत्तर

मी कॅथलिक आहे. माझी आई गेली कित्येक वर्षे एका प्रार्थनाभवनात जाते, ज्यांना आपल्याकडे 'बिलिव्हर' किंवा चेष्टेने 'हालेलुयावाले' म्हणतात. या धाग्यावर आतापर्यंत सीएनआयविषयी जे सभ्य बोलणे झाले, त्याच्या निम्म्याने सभ्य बोलणेही आमच्या धर्मग्रामात (स्थानिक चर्चच्या समुदायात) या पेंटेकोस्टल लोकांविषयी होत नाही. सीएनआयकडे दगडी इमारत आहे, बिशप आहे, हिस्लॉप महाविद्यालयाचा वारसा आहे, म्हणून त्यांना मतभेदातही मान मिळतो. भाड्याच्या सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून प्रार्थना करणाऱ्यांना तो मिळत नाही. माझ्या मते यात धर्मशास्त्र थोडे आणि सामाजिक पायरी जास्त आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आईच्या पास्टरांनी तिला घरातील जपमाळ आणि मारियेची मूर्ती काढून टाकण्यास सांगितले. आम्ही मूर्तिपूजक आहोत आणि आमचे तारण झालेले नाही, असे तेथे उघडपणे शिकवले जाते. वडिलांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला त्या मंडळीतील लोक आले ते चर्चच्या फाटकापाशीच उभे राहिले. अशा वेळी 'विभक्त बंधू' हा शब्द उच्चारायला जड जातो.

धर्मशिक्षक_सदर

जरीपटका_उत्तर यांचा 'पायरी'चा मुद्दा मला पूर्ण पटला, आणि तो फक्त नागपूरपुरता नाही. १९९२ मध्ये सँटो डोमिंगो येथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांसमोर बोलताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी वेगाने पसरणाऱ्या पंथांच्या संदर्भात लांडग्यांपासून कळप राखण्याची भाषा वापरली होती. ज्या पोपनी तीनच वर्षांनी, १९९५ मध्ये, ऐक्यावर संपूर्ण परिपत्रक लिहिले, त्यांचेच हे शब्द! त्या परिपत्रकात तर त्यांनी 'विभक्त बंधू' याऐवजी 'इतर ख्रिस्ती' किंवा 'बाप्तिस्मा लाभलेले इतर' असे म्हणण्याकडे कल असल्याची संमतीपूर्वक नोंद केली आहे. एकाच व्यक्तीची ही दोन्ही वक्तव्ये लक्षात घेतली, तर कॅथलिक बोलण्यातील ताण कोठे आहे ते दिसते. संवादाच्या टेबलावर बसलेल्या पंथाशी एक भाषा आणि आपल्या धर्मग्रामातून माणसे नेणाऱ्या पंथाशी दुसरी.

मात्र पेंटेकोस्टल मंडळींशीही रोमचा औपचारिक संवाद १९७२ पासून चालू आहे. जुलै २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस इटलीतील कासेर्ता येथे एका पेंटेकोस्टल मंडळीत गेले आणि फॅसिस्ट राजवटीत त्यांच्यावर झालेल्या छळात सहभागी असलेल्या कॅथलिकांच्या वतीने त्यांनी क्षमा मागितली. शिवाय आपल्याकडील कॅरिझमॅटिक प्रार्थनासभा, हात उंचावून स्तुती करणे, भाषांचे दान (प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलणे), हे सर्व १९६७ पासून कॅथलिकांत आले ते पेंटेकोस्टल प्रभावातूनच. ज्यांच्याकडून प्रार्थनेची पद्धत घेतली त्यांना 'हालेलुयावाले' म्हणून हसणे शोभत नाही.

आपल्या आईंचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झाला असल्याने त्यांची स्थिती जन्माने पेंटेकोस्टल असलेल्या व्यक्तीहून कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहे. तो विषय घरच्या फादरांशी बोलण्याचा आहे, येथे चर्चा करण्याचा नाही.

धंतोलीकर

मी ख्रिस्ती नाही. धागा आवडीने वाचत आहे. बाहेरून पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना सर्वजण 'ख्रिश्चन' एवढेच दिसतात. यहोवाचे साक्षीदार, सॅल्व्हेशन आर्मी, ॲडव्हेंटिस्ट यांनाही कॅथलिक 'इतर ख्रिस्ती' मानतात का? आणि नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचे मुख्यालय नागपुरातच असताना कॅथलिक तिचे सदस्य का नाहीत?

सिव्हिल_लाइन्स

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ती संस्था आमच्या बाजूची आहे. १९१४ साली मिशनांची राष्ट्रीय परिषद म्हणून सुरू झालेली ही संस्था प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची आहे. कॅथलिक बिशपांची स्वतंत्र परिषद आहे. जागतिक पातळीवरही असेच आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या जागतिक चर्च परिषदेचे रोम सदस्य नाही, परंतु तिच्या श्रद्धा व व्यवस्था आयोगात १९६८ पासून कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ पूर्ण सदस्य म्हणून बसतात. सदस्यत्व नाही म्हणून वैर आहे असे समजू नये. अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर भारतातील या दोन्ही परिषदा एकत्र निवेदने काढतात.

धर्मशिक्षक_सदर

पहिल्या प्रश्नाबाबत: कसोटी पुन्हा बाप्तिस्म्याचीच. ॲडव्हेंटिस्टांचा बाप्तिस्मा त्र्यैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने होतो, म्हणून तो मान्य आहे. यहोवाचे साक्षीदार त्र्यैक्य मानत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा मान्य नाही. मॉर्मन पंथाच्या बाप्तिस्म्याबाबत रोमने २००१ मध्ये स्पष्ट नकार दिला. काही पेंटेकोस्टल गट केवळ 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देतात, तेथेही अडचण येते. म्हणून 'पेंटेकोस्टल' एवढ्या नावावरून निर्णय करता येत नाही. सॅल्व्हेशन आर्मीचे प्रकरण निराळे आहे. त्यांची ख्रिस्तावरील श्रद्धा निःसंशय आहे, पण ते बाप्तिस्म्याचा विधीच करत नाहीत. त्यामुळे त्यांच्यातील व्यक्तीशी विवाह करताना कॅथलिक कायदा तिला बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती मानतो. रस्त्यावर भुकेल्यांना जेवण देणाऱ्यांविषयी असे म्हणावे लागते याचे वाईट वाटते.

सून_काटोल_रोड

निर्मलाताई, आता तुमच्या मूळ विषयाकडे येते, कारण मी नेमक्या त्याच जागी उभी होते. मी सीएनआयच्या घरातील, सासर कॅथलिक.

माझ्या आजीच्या काळी कॅथलिक मुलाने प्रॉटेस्टंट पाळकापुढे लग्न केले तर तो बहिष्कृत होत असे, आणि कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचे झाल्यास दोन्ही पक्षांना मुले कॅथलिक वाढवण्याचे वचन द्यावे लागे. पोप सहावे पॉल यांनी मार्च १९७० मध्ये हे बदलले. आता वचन फक्त कॅथलिक पक्ष देतो, की मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे म्हणून आपल्याकडून शक्य ते सर्व करू. दुसऱ्या पक्षाला त्याची केवळ कल्पना दिली जाते. बिशपांची परवानगी लागते. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असल्याने हा विवाह संस्कार मानला जातो, कमी दर्जाचा विवाह नव्हे. तुमच्या नातेवाइकांना एवढे सांगितले तरी पुष्कळ आहे.

मला त्रास झाला तो कायद्याचा नव्हता. पहिल्या रविवारी मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी संपूर्ण बाक रिकामा झाला आणि मी एकटी बसून राहिले. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या कोणत्याही पाहुण्याला प्रभुभोजनासाठी बोलावतात, त्यामुळे हे मला अपेक्षित नव्हते. मागच्या बाकावरील एका बाईंनी "अहो, त्या त्यांच्यातल्या आहेत" असे हळूच म्हटले. त्यात वाईट हेतू नव्हता, पण 'त्यांच्यातल्या' हा शब्द पुढे बराच काळ माझ्याबरोबर राहिला. सासूबाईंनी मात्र त्या दिवशी घरी आल्यावर कवी ना. वा. टिळकांची भजने काढली. रेव्हरंड टिळक प्रॉटेस्टंट, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा मुंबईचा, आणि त्यांची भजने कॅथलिक मंडळीही गातात. त्याआधी ते नागपुरात श्रीमंत बुटींच्या पदरी होते, हे मला सासूबाईंकडूनच कळले. त्या म्हणाल्या, "हे तुझे माहेरचे गाणे आहे आणि आमच्या मिस्सेत चालते."

सिव्हिल_लाइन्स

सून_काटोल_रोड यांचे वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली. सदरच्या कॅथलिक कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स. हे जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या ताब्यात असल्याने त्यांना अ‍ॅनेसीत राहावे लागले. १५९४ पासून त्यांनी शाब्ले प्रदेशात कॅल्व्हिनवाद्यांमध्ये काम केले. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा हाताने लिहिलेली पत्रके घरांच्या दारांखालून सरकवली. म्हणजे नागपूरच्या कॅथलिकांचे संत हे आम्हालाच परत नेण्यासाठी प्रसिद्ध! तरीही मी त्यांचे लेखन वाचले आहे, आणि वादातही प्रतिपक्षाला माणूस म्हणून वागवण्याची त्यांची पद्धत मला आवडते. शाब्लेवर राज्य करणाऱ्या सॅव्हॉयच्या ड्यूकची सत्ता त्यांच्या पाठीशी होती हे मी विसरत नाही. सौम्य शब्दांमागे तलवार असली की सौम्यता सोपी जाते.

योगायोग असा की त्यांचा सण २४ जानेवारीला येतो, आणि ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा १८ ते २५ जानेवारी असतो.

धर्मशिक्षक_सदर

तलवारीविषयीचे आपले वाक्य मी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगणार आहे, आपल्या परवानगीने.

निर्मला_मोहननगर (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. पुतण्याला १९६४ च्या आदेशातील भाग वाचायला दिला आहे. तो अजून वाद घालतो, परंतु 'पाखंडी' शब्द थांबला आहे. वहिनींचे "मारियेला मान नाही" हे चालूच आहे आणि ते लग्नापर्यंत चालेल असे दिसते.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. मुलीच्या वडिलांची इच्छा आहे की त्यांच्या पाळकांनीही विवाहविधीत भाग घ्यावा. ते शक्य आहे का? की सकाळी एका चर्चमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्या चर्चमध्ये असे दोन विधी करावे लागतील?

धर्मशिक्षक_सदर

दोन विधी करू नका. विवाहसंमती एकदाच दिली जाते. तीच संमती पुन्हा देणारा दुसरा धार्मिक विधी आपल्या कायद्याने निषिद्ध आहे. मात्र रोमच्या १९९३ च्या ऐक्यविषयक मार्गदर्शिकेनुसार फादर मुलीच्या पाळकांना त्याच विधीत बोलावू शकतात. ते शास्त्रपाठ वाचू शकतात, थोडक्यात बोधवचन देऊ शकतात आणि वधूवरांना आशीर्वाद देऊ शकतात. संमती मात्र फादर विचारतील.

आणखी एक सुचवतो. त्याच मार्गदर्शिकेत म्हटले आहे की असा मिश्र विवाह सामान्यतः मिस्सेविना, शास्त्रवाचनाच्या विधीत व्हावा. वहिनी कदाचित "मिस्सा नाही म्हणजे लग्न अर्धवट" असे म्हणतील, तेव्हा त्यांना कारण आधीच सांगून ठेवा. त्या दिवशी मुलीकडील सर्व पाहुण्यांना ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावर बसून राहावे लागू नये, म्हणून ही व्यवस्था आहे. अर्ज लग्नाच्या पुष्कळ आधी धर्मग्रामाच्या कार्यालयात द्या. मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला तिच्या चर्चकडून मागवावा लागेल.